दाराची आतली बाजू

योर्डिसबाईंनी गाडी आणली तेव्हा
गोटा नदीच्या काठाला अजून बर्फ होता,
आणि चालकाच्या दाराचं आतलं पॅनेल
उन्हाथंडीनं असं तडकलेलं
की आतला पुठ्ठा बरगडीसारखा दिसत होता.
"रंग नको," उंबरठ्यातूनच म्हणाल्या.
"रंग म्हणजे थाप. कारखान्यातलंच हवं."

कारखान्याला कुलूप लागून वर्षं झाली.
त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तरी मी सांगून पाहिलं:
भंगारातून वाळूच्या रंगाचं पॅनेल मिळेल,
स्पिरिटनं पुसेन, मुरलेलं सिलिकॉन काढेन,
बोट फिरवलं तर चरचर वाजलं पाहिजे इतकं कोरडं,
मग लाल रंगाचे सहा पातळ हात, फवाऱ्यानं,
दोन हातांच्या मध्ये एका सिगारेटचा वेळ
(मी ओढत नाही. वडील ओढायचे, माप त्यांचं).
"आणि कोपर?" त्यांनी विचारलं.
कोपराला माझ्याकडे उत्तर नाही.
कोपर जिथे टेकतं तिथे तीनेक वर्षांत
वाळू वर येते.

बावीस वर्षं त्या शिवणखात्यात,
सीटांच्या कडा शिवत.
आठ मिलिमीटर म्हणजे किती, हे पट्टीआधी
त्यांच्या अंगठ्याला कळायचं.
अशा बाईला मी काय सांगणार.

मार्च संपताना नॉरशॉपिंगहून खोकं आलं,
कुणा विधवेच्या गॅरेजातलं. चार हजार दोनशे क्रोनर.
चिकटपट्टीसुद्धा मूळची, पिवळी पडलेली.
मी सुरी लावली, बाईंनी श्वास धरला.
पॅनेलच्या पाठीवर शिक्का होता:
आठवडा एकेचाळीस, सत्त्याऐंशी.
मला वाटलं, आता काहीतरी सांगतील.
त्यांनी आकडा बोटानं चाचपला.
"या आठवड्यात मी रजेवर होते.
टूरेची दाढ काढली होती."

बसवलं.
क्लिपा टक टक टक, एकही मोडली नाही.
दोन पावलं मागे सरून पाहिलं,
आणि दोघीही बोललो नाही.
दाट, ओला, चिरलेल्या बीटासारखा लाल,
जन्मात ऊन न पाहिलेला लाल;
आणि भोवती डॅशबोर्ड, सीटा, उरलेली दारं
छत्तीस उन्हाळ्यांत विटून
बरणीच्या तळाशी राहिलेल्या
लिंगनबेरीच्या मुरंब्यासारखी.
म्हाताऱ्या तोंडात एकच दुधाचा दात
तसं ते दार हसत होतं.

बाई आत बसल्या. दार ओढलं.
कोपर टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं.
काच खाली करून विचारलं,
"हे विटवता येईल?"

विटवता येत नाही. रंगवता येतं.
मी तसं म्हटलं नाही.
मागच्या दाराचं हँडल काढून आणलं, खिडकीशी धरलं,
लाल, थोडा करडा, तपकिरीचा थेंब, परत करडा,
डब्यांच्या झाकणांवर ठिपके देत बसले.
तिसऱ्या ठिपक्याला बाई म्हणाल्या,
"हा नव्वद सालचा. पुढे चल."
पाचव्याला: "टूरे गेला तेव्हाचा. अजून."
आठव्याला काही म्हणाल्या नाहीत,
चष्मा काढून पुसला.

फवारा सुरू केला तेव्हा बाहेर जाऊन उभ्या राहिल्या,
पाठ माझ्याकडे, टोपी कानांवर ओढून.

बिलावर काय लिहू, मी विचारलं.
"दुरुस्ती." मग थांबून,
"नको. नुसता आकडा लिही."

आता हे दार कोपराखाली झिजेल तेव्हा
वाळू येणार नाही.
कारखान्याचा लाल वर येईल, तोच, आठवडा एकेचाळीसचा,
आधी नाण्याएवढा, मग तळहाताएवढा.
त्यांनी ते विचारलं नाही, मीही बोलले नाही.
वहीत मात्र मिश्रणाचं प्रमाण लिहून ठेवलंय,
तारीख घालून,
आणि पुढे दोन ओळी कोऱ्या.